करवाढीची नोटीस आणि तुझा गाळा

अनेक आशीर्वाद.

गाळ्याच्या मिळकतकराची विशेष नोटीस आल्याचं कळवलंस. बिल येईल तेव्हा बघू, असं अजिबात करू नकोस. मुंबईत कर भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभावावरून काढलेल्या किमतीवर बसतो, पण राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांत तो करपात्र मूल्यावर, म्हणजे गृहीत भाड्यावरून काढलेल्या आकड्यावर बसतो, आणि त्या मूल्याला हरकत घ्यायची वेळ आत्ताच आहे. मुदत नोटिशीतच छापलेली असते. ती टळली की हातात नुसतं बिल उरतं.

आकडा कसा तयार होतो ते समजून घे. समज, ३०० चौरस फूट क्षेत्र आणि फुटाला महिना ५० रुपये दर धरलाय. वर्षाचं गृहीत भाडं झालं १,८०,०००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य १,६२,०००. आता टेप घेऊन गाळा मोज. तो २४० फूट भरला तर मूल्य १,२९,६०० वर येतं. सगळे कर मिळून दर ५० टक्के धरला तर १६,२०० रुपयांचा फरक पडतो, आणि तोही दरवर्षी. मोजण्याआधी तुमची पालिका चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं) धरते की बांधीव (भिंती धरून), हे विचारून घे. सामाईक जिना किंवा ओटा तुझ्या नावावर धरणं, मागच्या गोदामाला दुकानाचा दर लावणं, बांधकामाचं वर्ष चुकवणं, अशा चुका वारंवार दिसतात.

हरकतीच्या अर्जात 'कर परवडत नाही' हे लिहून उपयोग नाही, कितीही खरं असलं तरी. कर आकारणी विभाग क्षेत्र, दर, वापर यांवरच निर्णय देतो. मंजूर नकाशा, खरेदीखत, जुनं बिल, फोटो जोड. त्याच रांगेतल्या, तशाच वापराच्या गाळ्याला कमी दर असेल तर त्याचं बिल मिळव. याहून भक्कम पुरावा नाही. घराच्या बिलाशी तुलना मात्र करू नकोस. रोजगार हमी कर बिगरनिवासी मिळकतींनाच लागतो, शिवाय शिक्षण कराचा दरही त्यांना जास्त असतो. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

पुढे पत्र्याची शेड किंवा आत विनापरवाना पोटमाळा असेल तर आधी ते बघ. अवैध बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे एकूण तिप्पट भरावं लागतं, आणि भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही. असा पोटमाळा मला कधीच फायद्याचा वाटला नाही.

हरकत चालू असताना भरणा थांबवू नकोस. कर एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत देय असतो. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. ६०,००० थकले तर वर्षाला १४,४००. बँकेचं साधं कर्जही सहसा इतकं महाग नसतं. 'हरकतीस अधीन राहून' असं पत्र देऊन पैसे भर. निकाल विरोधात गेला तर न्यायालयात अपिलाला १५ दिवस मिळतात, पण त्यासाठी आधी हरकत नोंदवलेली हवी आणि वादातली रक्कम जमा केलेली हवी. कर प्रत्यक्ष भरल्याशिवाय आयकरात खर्च म्हणून धरला जात नाही, म्हणून पावती विवरणपत्राच्या मुदतीआधीची हवी.

शेजारचा गाळा भाड्यानं घ्यायचा विचार आहे ना? सही करण्याआधी मिळकत क्रमांकावर थकबाकी तपास. कराचा पहिला बोजा मिळकतीवर असतो, म्हणजे वसुली त्या गाळ्यातूनच आधी होते. थकवणारा मालक असला तरी सील झाल्यावर धंदा तुझा बंद पडतो. करारात 'वाढीव कर भाडेकरूनं भरावा' असं मोघम कलम असेल तर वाढीची कमाल मर्यादा लिहून घे.

आणि कर रोजावर मांड. वरच्या हिशोबात २४० फूट मान्य झाले तर वर्षाचे ६४,८००, म्हणजे ३०० दिवसांत रोजचे २१६. नफा १० टक्के असेल तर कर निघायलाच रोज २,१६० रुपयांची विक्री लागते. नोटीस आहे तशी कायम झाली तर २,७००. सुनावणीची तारीख पडली की कागद घेऊन ये, आधी एकदा एकत्र बसून बघू.