रोज ऑफिस, रविवारी टेकडी, सायकल एकच (माउंटन बाइक). टायरमध्ये हवा किती भरावी? सस्पेन्शन लॉक ठेवावं का?

दुकानदाराने "६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा, सायकल पळेल" असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून घरात ऐकतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

घाई असेल तर एवढंच वाचा. ६० नको. २.१ किंवा २.२ इंचाचा टायर, आत ट्यूब, तुमचं वजन साठ-सत्तर किलो असं धरलं तर डांबरावर ३५ च्या आसपास, टेकडीवर २८. ट्यूबलेस असेल तर टेकडीवर २२ ते २४. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन कमी.

आता ६० चं बघू. माझे सासरे तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरलेले. 'घाटाचा राजा' कधी झाले नाहीत, पण जो झाला तो बोरघाटात आपल्यापुढे किती होता, हे अजून सांगतात. त्यांच्या काळचे ते रिमला चिकटवायचे बारीक ट्यूब्युलर टायर, हवा शंभराच्या वर, नखाने टिचकी मारली की टणटण वाजायला हवा. डांबरावर, तसल्या अंगठ्याएवढ्या टायरला ते ठीकच होतं. पण तोच कायदा ते आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक चाकाला लावतात. माझी माउंटन बाइक, मुलाची छोटी सायकल, एकदा तर खालच्या आजींची व्हीलचेअर. येता-जाता अंगठ्याने टायर दाबायचा, "सूनबाई, हवा बसलीय गं" म्हणायचं आणि पंप काढायचा.

पुण्याबाहेर एका माळावर छोटी क्रॉस-कंट्री शर्यत होती. फेरी पाचेक किलोमीटरची: मुरमाचा चढ, वर उघडा कातळ, उतारावर सुटी खडी. माझं वजन ५४, टायर ट्यूबलेस. आदल्या संध्याकाळी हवा मोजायचं डिजिटल गेज लावून पुढे १९, मागे २१ करून ठेवली. बाबा, म्हणजे हेच सासरे, हौसेने बघायला आले होते. डबा, थर्मास, घडीची खुर्ची, सगळा संसार घेऊन. मी नंबर प्लेट घ्यायला रांगेत गेले, तेवढ्यात त्यांनी कुणाचा तरी पंप मागून दोन्ही चाकं दगड करून ठेवली. मला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटलंच नव्हतं, मदत केली होती.

पहिल्या चढावर मागचं चाक मुरमात जागच्या जागी फिरायला लागलं. मला वाटलं आज पायच जड आहेत. उतारावर मात्र शंका राहिली नाही. पुढचं चाक दगडादगडावरून उडत होतं, ब्रेक धरला की खडीवरून घसरत होतं, हँडल हातात ठरेना. कातळाच्या एका पायरीवरून ते असं डावीकडे उडालं की मी बाभळीच्या फांदीला खांदा घासत थांबले. टायर दाबून बघितला तर बोट आत जाईना. व्हॉल्व्हची टोपी काढली, बारीक पितळी टोक सैल केलं आणि दाबलं. फुस्स करून हवेबरोबर पांढरं सीलंट (टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं द्रव) बोटांवर उडालं. (हवा सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घ्या. मला तेवढा धीर नव्हता.) तोवर तिघी पुढे निघून गेल्या. एकीने जाता जाता "पंक्चर का?" विचारलं. काय सांगणार?

पुढच्या फेरीला त्याच उतारावर ब्रेकवरून बोटं उचलता आली. दोघींना गाठलं. तिसरी सापडली नाही. मी चौथी आले, ती तिसरी.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "चढावर कमी पडलीस, पायात जोर यायला हवा." मी हवेचं सांगितलं.

"मग किती सोडलीस?"

"विसापर्यंत आणली असेन, बाबा."

"गेज होतं बरोबर?"

"नाही, दाबून बघितलं."

"म्हणजे अंगठ्यानेच ना!"

नवरा गाडी चालवत होता, त्याने रेडिओ लावला.

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. खडबडीत जमिनीवर कडक चाक प्रत्येक दगडावर चढतं. म्हणजे तुमचं आणि सायकलचं वजन दर वेळी वर उचललं जातं आणि ती ताकद तुमच्याच पायांतून जाते. मऊ टायर तोच दगड पोटात घेतो आणि पुढे जातो. शिवाय त्याची जास्त नक्षी जमिनीला टेकते, म्हणून चढावर पकड राहते. डांबरावरही कडक टायर वाटतो तेवढा पळत नाही. हाडं खिळखिळी होतात, त्याला आपण वेग समजतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एलाँकूरच्या टेकडीवर, माउंटन बाइकच्या शर्यतीत, ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं चाक पंक्चर झालं तेव्हा बाबा सोफ्यावरून उठून उभेच राहिले. "बघ! ठेवा अजून हवा कमी!" पिडकॉकने चाक बदललं, अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्णपदक घेऊन गेला. बाबांचं म्हणणं, बदललेल्या चाकात हवा नीट भरलेली असणार. या शर्यतीत सायकल बदलता येत नाही, चाक बदलायचं तरी दुरुस्तीसाठी ठरवून दिलेल्या जागेतच (टेक झोन). पंक्चर किती महागात पडतं हे त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, तरी ते विसाच्या आसपासच हवा ठेवतात. यावरून काय ते समजा.

आणि आपल्या टेकड्यांवरची बहुतेक पंक्चरं कमी हवेने होतच नाहीत. ती होतात बाभळीच्या काट्याने, नाहीतर पावसाळा संपला की सराट्याने. काट्याला ६० पीएसआयचा धाक नसतो. त्यावर उपाय ट्यूबलेस आणि सीलंट, आणि ते सीलंट वाळतं, म्हणून तीन-चार महिन्यांनी बघायचं. उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

गेज वेगळं घ्या. घरच्या पंपावरचा काटा १६० पर्यंतच्या तबकडीवर फिरतो, तिथे २० आणि २४ मधला फरक काट्याच्या जाडीतच जातो. पेट्रोल पंपावर भरू नका. तिथला मुलगा मोटारसायकलच्या हिशेबाने भरतो आणि तुमचा व्हॉल्व्ह प्रेस्टा (वर सांगितलेला, बारीक पितळी टोकाचा) असेल तर अडॅप्टरशिवाय काही होतही नाही. शनिवारी रात्री हवा कमी करायची, सोमवारी सकाळी भरायची. याचा कंटाळा असेल तर ३० वर ठेवा आणि विसरा, ऑफिसला चार मिनिटं उशिरा पोचलात तर कुणी विचारत नाही.

हे सगळं आधीच सांगायला हवं होतं, पण माझे १९-२१ आकडे उचलू नका. आत ट्यूब असताना एवढ्या कमी हवेवर दगडाला आपटलात की रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. वजन ऐंशीच्या वर असेल, टायर १.९५ चा असेल किंवा मागे लॅपटॉपची बॅग बांधत असाल तर टेकडीवरही ३२-३५ च्या खाली जाऊ नका. वळणावर टायर रिमवर डगमगतोय असं वाटलं तर दोन वाढवा. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरा असं त्यात सांगितलेलं नसतं. तुमच्या दुकानदाराने बहुधा तोच वाचून दाखवला.

सॅडलची उंचीही याच वेळी तपासून घ्या. पेडल खाली असताना टाच त्यावर टेकवली की गुडघा सरळ व्हायला हवा. दुकानात मला "लेडीज आहेत, सॅडल खाली घ्या" असं ऐकवलं जातं. मी पाना स्वतःजवळ ठेवते.

सस्पेन्शनचं राहिलंच. ऑफिसला जाताना चांगल्या डांबरावर लॉक ठेवा, टेकडीवर सोडा. हवेचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा भाग) असेल तर सायकलवर बसल्यावर १०० मिलिमीटरमधला वीस-पंचवीस मिलिमीटर दबायला हवा. फोर्कच्या नळीवर रबरी रिंग असते, तिच्यावरून मोजता येतं, पण त्यात हवा भरायचा पंप वेगळा असतो. टायरचा पंप त्याला लावू नका, आणि घरात कुणी वडीलधारे सायकलपटू असतील तर त्यांनाही लावू देऊ नका.