सलिल की सलील? (कोडं सोडवणाऱ्यांसाठी)

प्रश्न असा आहे की शब्दकोड्यात 'पाणी, तीन अक्षरी' असा क्लू आहे, पहिल्या घरात स आणि शेवटच्या घरात ल आलाय, तर मधे लि टाकायचं की ली.

लि. पाणी म्हणजे सलिल. सलील हा वेगळाच शब्द आहे, स अधिक लीला, म्हणजे लीलेने, सहज खेळत केलेलं. मुलांची नावं सर्रास सलील ठेवतात आणि अर्थ मात्र पाणी सांगतात, घोळ तिथूनच सुरू होतो (नाव कसं लिहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात आपण पडू नये).

खरी गंमत शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की होते. संस्कृतात वारि म्हणजे पाणी आणि पाणि म्हणजे हात, पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी शेवटचा इकार-उकार दीर्घ केला, कवि चा कवी झाला तसंच, त्यामुळे आता पाण्याला वारी लिहायचं आणि पंढरपूरची पण वारीच, आणि 'हात, दोन अक्षरी' असेल तर उत्तर चक्क पाणी! जुन्या कोशात बघाल तर ऱ्हस्वच सापडेल, म्हणून जुनी कोडी सोडवताना जरा सांभाळून. समासात मात्र ऱ्हस्वच राहतं: वारिज म्हणजे कमळ, वारिद म्हणजे ढग, पाणिग्रहण म्हणजे लग्न.

मधल्या अक्षरांचं बघायचं तर दिन-दीन सगळ्यांनाच माहीत असतं, पण शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा किंवा सारथी, इथे भलेभले अडकतात. कर्णाला सूतपुत्र म्हणतात ते सारथ्याचा मुलगा म्हणून, तिथे सु ऱ्हस्व केलात तर 'मुलाचा मुलगा' होईल. आणि धागा या अर्थाचं सूत दीर्घ असलं तरी सुताचा, सुताने लिहिताना ऱ्हस्व होतं, क्लूमधे विभक्ती लागलेला शब्द दिसला तर त्यावरून मूळ शब्दाची वेलांटी-उकार ठरवू नका.

तुमच्या कोड्यात त्याच घरातून खाली जाणारा उभा शब्द बघा. लिखित, लिपिक असं काही बसत असेल तर प्रश्नच मिटला. पण 'सहजपणे' साठी लीलयाच बसत असेल तर कोडं करणाऱ्याचीच चूक आहे, मुकाट ली लिहा आणि पुढे चला.