मोठा मासा दोरी तोडत नाही

या महिन्याच्या टपालात 'कोणतं घेऊ?' असं विचारणारी पत्रं सगळ्यात जास्त. मी मासेमारीची रिळं उघडून साफ करणारा, दुरुस्त करणारा माणूस. माझ्या टेबलावर येणारं सामान बहुतेक वेळा चांगलंच असतं. बिघाड असतो तो कुणी न पाहिलेल्या जागी: गाठीत, ड्रॅगमध्ये (मासा ओढतो तेव्हा दोरी दाबून धरत सोडणारा रिळाचा ब्रेक), रॉडच्या कडीला गेलेल्या चिरेत. त्यामुळे माझी उत्तरं खरेदीकडे कमी आणि तपासणीकडे जास्त झुकलेली दिसतील. दुकानदार रागावले तर रागावोत.

प्रश्न: दहा पौंडांची तंगुसाची (एकेरी नायलॉनची) दोरी वापरतो. लागोपाठ दोन मोठे मासे ती तोडून गेले. आता वीस पौंडांची घेऊ की सरळ ब्रेडेड (विणलेल्या) दोरीवर जाऊ?

आधी एक सांगा, तुटलेलं टोक जपून ठेवलंय का? बहुतेक जण चिडून ते कापून फेकून देतात आणि पुरावाच जातो. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटली आहे. टोकाच्या वरचा भाग नखाला खरखरीत लागत असेल तर दोरी दगडावर किंवा बुडालेल्या खोडावर घासली आहे. आणि दोरी दर वेळी गाठीपाशीच तुटत असेल तर गाठ बांधताना तुम्ही ती कोरडी आवळता. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं. थुंकी लावा, सावकाश ओढा, मग टोक कापा.

आता ड्रॅग. दहा पौंडांची दोरी म्हणजे साधारण साडेचार किलो ताण सोसणारी. ड्रॅग त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर हवा, म्हणजे 1.1 ते 1.5 किलोवर. हा अंदाज हाताने रिळाजवळ दोरी ओढून येत नाही. दोरी सगळ्या कड्यांमधून ओवा, टोक हुकवाल्या स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधा, काटा कुणाला तरी धरायला द्या आणि मासा लागल्यासारखा रॉड वाकवा. स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) फिरायला लागेल तो आकडा वाचा. पहिल्यांदा काटा पाहणारे बहुतेक जण चकित होतात, कारण त्यांना 'मध्यम' वाटणारा ड्रॅग तीन किलोवर बसलेला असतो.

यात आणखी एक मेख आहे. मासा दोरी घेऊन लांब धावला की स्पूलवरचा दोरीचा घेर कमी होतो. घेराचा व्यास निम्मा झाला तर तोच ड्रॅग दोरीला दुप्पट जड पडतो. ड्रॅगच्या बटणाला तुम्ही हातही लावलेला नसतो. त्यातच घाबरून बटण आणखी आवळणारे लोक असतात. मासा लांब गेला की ड्रॅग थोडा ढिला करायचा असतो, हे पटायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट चिकटलेला ड्रॅग. आतल्या फेल्टच्या चकत्या महिनोन्‌महिने दाबलेल्या राहिल्या की चपट्या होऊन चिकटतात. मग असा ड्रॅग अडकलेल्या ड्रॉवरसारखा वागतो: ओढलं तर येत नाही आणि आला की धाडकन सगळा बाहेर येतो. दोरी तुटते ती त्या पहिल्या हिसक्याला. घरी आल्यावर ड्रॅगचं बटण पूर्ण सैल करून रीळ ठेवत जा. एवढ्याने माझं निम्मं काम कमी होईल, पण होऊ दे.

रॉडच्या कड्याही पाहा. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीत गोल फिरवा. कापूस अडकला तर तिथे चीर आहे आणि तीच तुमची दोरी सोलते आहे. टोकाची कडी सगळ्यात आधी पाहा.

हे सगळं ठीक असेल तरच ब्रेडेडचा विचार. ती तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते, म्हणून लांब जाते आणि आमिषाला तोंड लागलेलं हाताला लगेच कळतं. पण ती ताणतच नाही म्हटलं तरी चालेल. तंगूस तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याएवढा किंवा जास्तही ताणतो आणि तो ताण माशाचे हिसके पचवतो. ब्रेडेडवर तीच सवय ठेवून जोरात झटका मारलात तर गळ तोंड फाडून बाहेर येईल. ती मोकळ्या स्पूलवर थेट गुंडाळू नका, अख्खा गुंडा स्पूलवर गरगर फिरतो. खाली तंगुसाचे काही फेरे द्या. गाठ पालोमर बांधा: दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी गाठ मारायची आणि फास गळावरून उलटा घ्यायचा. खडकाळ तळ असेल तर पुढे एक-दोन मीटर तंगुसाचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा वेगळा तुकडा) हवाच, कारण ब्रेडेड दगडावर चटकन कापली जाते.

थोडक्यात, वीस पौंडांची सध्या नको. दोरीचा पुढचा घासलेला भाग कापून टाका, गाठ ओली करून बांधा, ड्रॅग काट्यावर लावा.

प्रश्न: स्पिनिंग रिळावरची दोरी फेकताना वेटोळी होऊन भसकन सुटते. नवी दोरी भरली तरी आठवड्यात तेच. रीळ बदलू का?

रीळ बिचारं निर्दोष आहे. दोरीला पीळ तुम्ही भरता. मासा दोरी ओढत असताना, ड्रॅग किर्र वाजत असताना, तुम्ही हँडल फिरवत राहता ना? रिळावर 5.2:1 असं काहीतरी छापलेलं असेल. त्याचा अर्थ हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (स्पूलभोवती दोरी गुंडाळणारा भाग) पाचपेक्षा जास्त वेळा फिरतो. दोरी आत येत नसताना हँडल फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला तेवढे पीळ दोरीत जातात. ड्रॅग वाजत असेल तेव्हा हात थांबवा. मासा थांबला की रॉड वर घ्या, मग रॉड खाली नेत नेत गुंडाळा.

शिवाय फेकून झाल्यावर बेलची तार (फेकताना उघडायची, स्पूलवरची वाकडी तार) हँडलने नाही, हाताने बंद करा आणि दोरी हलकीच ताणून घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं ठेवा. आत्ता भरलेला पीळ काढायचा असेल तर गळ, वजन, स्विव्हल सगळं काढा, नुसती दोरी वाहत्या पाण्यात किंवा चालत्या बोटीमागे लांब सोडा, थोडा वेळ ओढू द्या आणि बोटांच्या चिमटीतून परत गुंडाळा.

प्रश्न: नवशिक्याने बेटकास्टिंग रीळ (फेकताना स्पूल फिरणारं) घ्यावं की स्पिनिंग (फेकताना स्पूल स्थिर राहणारं)?

स्पिनिंग. पुढच्या वर्षी परत विचारा.

प्रश्न: 6 नंबरचा गळ लहान निघाला म्हणून 8 नंबर मागवला, तर तो आणखी लहान! छपाईची चूक आहे का?

छपाई बरोबर आहे, पद्धतच तशी विचित्र आहे. 1 नंबरपासून पुढे आकडा वाढला की गळ लहान होतो. त्याहून मोठ्या गळांना 1/0, 2/0 असे आकडे असतात आणि तिथे आकडा वाढला की गळ मोठा होतो. त्यातून दोन कंपन्यांचे 4 नंबर एकसारखे असतील याची खात्री नाही. म्हणून आकड्यापेक्षा आमिषाकडे पाहून गळ निवडा: आमिष लावल्यावर टोक आणि वाकातली जागा मोकळी राहिली पाहिजे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. घसरलं तर बोथट, अडकलं तर ठीक.

याच पत्रात पुढे विचारलंय की सर्कल हुकवर मासे का निसटतात. तुम्ही झटका मारता म्हणून. त्या गळाचं टोक आत वळलेलं असतं. मासा वळून जायला लागला की गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. तुम्ही फक्त दोरी ताणात ठेवायची. हात आवरत नसतील तर साधे गळ वापरा.

प्रश्न: दोघांसाठी फुगवायची बोट घेतली आहे. इलेक्ट्रिक मोटर किती ताकदीची लावू? तलाव मोठा आहे.

मोटरीच्या आधी एक विचारतो, लाइफ जॅकेट घेतली का? पत्रात उल्लेख नाही. अंगात घातलेलं जॅकेट म्हणजे जॅकेट, बोटीत बुडाखाली ठेवलेलं म्हणजे उशी. आपापल्या मापाची दोन घ्या, पट्टे आवळून घाला, मग पुढे वाचा.

मोटरीचा ढोबळ हिशेब असा: भरलेल्या बोटीच्या दर 45 किलोला किमान दोन पौंड जोर. बोट, तुम्ही दोघे, बॅटरी आणि सामान मिळून 250 किलो धरले तर 11 पौंड येतात. पण हा निवांत पाण्याचा हिशेब आहे. मोठ्या तलावावर वारा सुटला की फुगीर बोट पानासारखी ढकलली जाते, म्हणून तिप्पट धरा: 30 ते 35 पौंडांची मोटर पुरे. आधी बोटीच्या मागच्या पाटीवर लिहिलेली कमाल मर्यादा वाचा.

लोक फसतात ते बॅटरीत. 30 पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण 30 अँपिअर घेते. 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती निम्म्याखाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने संपतं. म्हणजे हातात 50. पूर्ण वेगात दोन तासही धड मिळत नाहीत. मात्र वेग निम्मा केलात तर लागणारी वीज निम्म्याहून खूपच कमी होते आणि तीच बॅटरी दिवसभर पुरू शकते. गाडीची बॅटरी लावू नका. ती इंजिन सुरू करायच्या क्षणभराच्या धक्क्यासाठी बनलेली असते. डीप सायकल (बराच वेळ सलग वीज देणारी बॅटरी) घ्या आणि बॅटरीजवळच्या तारेवर सर्किट ब्रेकर बसवा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. परतताना बॅटरी दमलेली असेल तेव्हा वारा मागून ढकलेल.

बोट काठावर उन्हात टम्म फुगवून ठेवू नका, आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण जाते. उलट पाण्यात उतरवल्यावर ती गार होऊन सैल पडते, तेव्हा पंप सोबत घ्या आणि पाण्यात एकदा पुन्हा भरा. उभं राहून गळ फेकायची हौस काठावर भागवा.

नांगर नेहमी बोटीच्या नाकाला. मागे बसून मासे धरायचे म्हणून लोक तो मागच्या बाजूला बांधतात. मोटर आणि बॅटरीच्या वजनाने तीच बाजू सर्वांत खाली असते आणि लाटा किंवा प्रवाह तिथूनच आत येतात. वाहत्या पाण्यात हे जिवावर बेततं. दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा. आखूड दोरावर नांगर तळाशी आडवा पडत नाही, त्यामुळे रुतत नाही. आणि दोर कापता येईल असा चाकू हाताशी ठेवा, पेटीत नको.

प्रश्न: फिश फाइंडरवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) माशांची चिन्हं भरपूर दिसतात. तिथेच गळ सोडतो, पण काही लागत नाही.

पडद्यावर उजव्या कडेला दिसतं ते आत्ताचं. बाकी सगळं मागे राहिलेलं पाणी आहे. मध्यावर दिसलेला मासा तुमच्या पुढे नाही, काही सेकंदांपूर्वी तुमच्या खाली होता. शिवाय बोट स्थिर असेल तर एकच मासा खाली रेंगाळून लांबलचक रेघ काढतो आणि आपल्याला वाटतं थवा आहे.

दुसरं म्हणजे यंत्र पाहतं ते शंकूसारखं. 20 अंशांचा शंकू असेल तर तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा येतो. तीन मीटर पाण्यात तुम्ही जेमतेम एक मीटरचा तुकडा पाहताय. उथळ पाण्यात मासे शोधायला यंत्र फारसं कामाचं नाही. तिथे त्याच्याकडून खोली, तळाचा कठीणपणा आणि बुडालेली झाडं विचारा. माशाचं चित्र दाखवणारी सोय बंदच करा. ती पानं आणि बुडबुड्यांनाही मासा म्हणते.

उन्हाळ्यात खोल, साचलेल्या पाण्यात पडद्यावर मध्येच एक धूसर आडवी पट्टी दिसली तर ती नोंदवा. बऱ्याचदा तिथे वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं झालेलं असतं. त्या पट्टीखाली प्राणवायू फार कमी असू शकतो, मग तळाशी गळ सोडून बसण्यात अर्थ नाही. गळ पट्टीच्या वर ठेवून पाहा.

प्रश्न: मासे पकडून सोडून देतो, पण काही उलटे होऊन तरंगतात. असं का?

बहुधा तुम्ही त्यांना फार दमवता. पाणी 20 अंशांना असेल तर त्यात लिटरला जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण साडेसात. गरम पाण्यात माशाची गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला. बारीक दोरीवर लांबलचक झुंज खेळण्याची मजा त्या दिवसांत नको, जाड दोरीने लवकर आत घ्या. शेवाळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या तळ्यात पहाटेही हाच धोका असतो. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतच असतात, त्यामुळे उजाडताना तो सगळ्यात कमी असतो.

हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोटं नकोत. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर गळ क्षणात निघतो. आणि गळ घशात खोल गेला असेल तर उपसू नका. दोरी गळाजवळ कापा आणि सोडा. गळ ओढून काढलेल्या माशापेक्षा असा मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

प्रश्न: शिशाचे छर्रे दोरीवर दाताने दाबून बसवतो. आमचे आजोबाही तसंच करायचे. चालेल ना?

नाही. शिसं अंगात साठत जातं. पाणपक्षी पडलेले छर्रे खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले तेव्हा 1987 पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. कथिलाचे छर्रे दाबता येतील इतके मऊ असतात, फक्त त्याच वजनाला आकाराने मोठे. टंगस्टन उलट शिशापेक्षा लहान आणि जड, पण ते दाबलं जात नाही. दोरीत ओवून पुढे रबरी स्टॉपर लावावा लागतो. छर्रे कुठलेही असोत, दाबायला पक्कड आणि दाबण्याआधी दोरी ओली.