वाचक विचारतात: परग्रहावर अडकलेली मुलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच मालिकेबद्दल आहेत: नेटफ्लिक्सवरची ‘लॉस्ट इन स्पेस’. सुट्ट्यांत इंदूरच्या घरांमधून काय बघितलं गेलं ते कळलं! ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2018 ते 2021 या काळात तिचे तीन सीझन आले. पृथ्वी सोडून मित्र ताऱ्याकडे, म्हणजे अल्फा सेंटॉरीकडे निघालेलं रॉबिन्सन कुटुंब वाटेत एका अनोळखी ग्रहावर कोसळतं. शेवटच्या सीझनपर्यंत 97 मुलं आईवडिलांपासून तुटून एका परग्रहावर वर्षभर अडकलेली असतात आणि त्यांची कप्तान असते रॉबिन्सनांची थोरली, ज्युडी.

नातवंडांबरोबर बसून पाहिली. यानं, यंत्रमानव वगैरे चालायचंच. पण जेवलेलं ताट न उचलणारी ही पोरं आईबापांवाचून वर्षभर जगतील? मला पटत नाही. (एक आजोबा, रामबाग)

आजोबा, ही मालिका मूळची जुनी आहे. पहिली ‘लॉस्ट इन स्पेस’ अमेरिकेत सप्टेंबर 1965 मध्ये सुरू झाली. नेमक्या त्याच महिन्यात प्रशांत महासागरातल्या आटा नावाच्या निर्जन बेटावर सहा मुलं खरोखर अडकलेली होती, आणि जगात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

टोंगा देशातली ही मुलं. वसतिगृहाला कंटाळून जूनमध्ये एका मासेमाराची होडी घेऊन निघाली. वादळात शीड फाटलं, सुकाणू मोडलं, आठ दिवस समुद्रात वाहत जाऊन बेटाला लागली. 11 सप्टेंबर 1966 ला पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती सापडली तेव्हा सहाच्या सहा जिवंत आणि धडधाकट होती. गावाकडे तर त्यांचे अंत्यविधीही उरकले होते.

ती कशी जगली ते नातवंडांना जरूर सांगा. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या: दोघं बागेत, दोघं स्वयंपाकाला, दोघं पहाऱ्याला. झाडांचे बुंधे कोरून पावसाचं पाणी साठवलं. बेटावर पूर्वी वस्ती होती, तिच्या मागे राहिलेल्या कोंबड्या धरून खुराडं केलं. एकदा पेटवलेला विस्तव वर्षाहून अधिक काळ विझू दिला नाही. भांडण झालं तर दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं शांत झाल्यावर परत यायचं. एक जण कड्यावरून पडून त्याचा पाय मोडला. बाकीच्यांनी काठ्या आणि पानं बांधून तो बसवला, त्याच्या वाटचं काम वाटून घेतलं. हाड इतकं नीट जुळलं होतं की नंतर डॉक्टर थक्क झाले. वाहून आलेलं लाकूड, अर्धी करवंटी आणि फुटक्या होडीतल्या तारा यांची गिटारसुद्धा त्यांनी केली होती!

आपली पोरं ताट उचलत नाहीत, कारण ते उचलणारं कुणीतरी घरात असतं. त्यावरून त्यांना जोखू नका. कामाची पाळी लागली आणि आपल्यावाचून दुसऱ्याचं अडतं हे दिसलं, की मुलं काय करू शकतात ते या सहा जणांनी दाखवून दिलं आहे. मालिकेतला हा भाग मला सगळ्यांत खरा वाटतो.

मला खटकते ती हवा. पहिल्याच ग्रहावर मंडळी शिरस्त्राण काढून खुशाल श्वास घेतात. पृथ्वीच्या हवेत आज 21 टक्के ऑक्सिजन आहे, पण तो आयता मिळालेला नाही. सूक्ष्मजीवांनी तो तयार केला, आणि हवेत तो साठायला सुरुवात झाली सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे पृथ्वीच्या आयुष्याच्या पहिल्या जवळजवळ अर्ध्या काळात आपण तिच्यावर उतरलो असतो, तरी गुदमरलो असतो. परग्रहावर श्वास घेता आला, तर ‘इथे हा ऑक्सिजन कोण करतंय?’ हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

मुलगी दहावीत आहे आणि सारखी हेच बघते. बंद करू का? (एक आई, सुदामा नगर)

नका करू. पहिल्या भागात ज्युडी गोठलेल्या पाण्यात अडकते आणि तो बर्फ वितळवायला वडील आणि धाकटा विल मॅग्नेशिअम शोधत जातात. आता मुलीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. पहिल्याच धड्यातली पहिली कृती मॅग्नेशिअमची फीत जाळण्याची आहे. तिला विचारा की मॅग्नेशिअमच्या आगीवर पाणी का ओतायचं नाही. पेटलेलं मॅग्नेशिअम पाण्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे हायड्रोजन सुटतो, तोही पेट घेणारा. अडकलेल्या मुलीच्या इतक्या जवळ हा जाळ करणं किती जोखमीचं, ते तीच तुम्हाला समजावून सांगेल. प्रयोग मात्र शाळेतच, बाईंच्या समोर. घरी नाही.

यात कुणी भारतीय आहे का? (दोन वाचक)

आहेत. धर कुटुंब. वडील व्हिक्टर, मुलगा विजय.

मित्र ताऱ्यापर्यंत खरंच जाता येईल? तो इंदूरहून दिसतो का? (इयत्ता आठवी, राजेंद्र नगर)

दिसतो, आणि तू तो पाहावास अशी माझी फार इच्छा आहे. इंदूरहून तो क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त साडेसहा अंश चढतो. हात लांब करून तीन-चार बोटं आडवी धरलीस तर तेवढंच. म्हणून शहरातल्या गच्चीवरून तो इमारतींमागेच राहतो. मेच्या अखेरीस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला बघायचं. महूच्या पुढे जाम गेटला घरच्या मोठ्यांबरोबर गेलास तर उत्तम. तिथून दक्षिणेला माळव्याचं पठार संपून निमाडचा उतार लागतो, नजरेला आडवं काही येत नाही. धूळ नसेल तर खाली दोन ठळक तारे शेजारी दिसतील. त्यांतला डावीकडचा, जास्त तेजस्वी तो मित्र.

जाण्याचं म्हणशील तर अंतर 4.37 प्रकाशवर्षं. व्हॉयेजर-1 हे यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने 70,000 हून अधिक वर्षं लागतील. मालिकेत परग्रहवासीयांचं इंजिन हाताला लागतं ते त्यासाठीच. त्याच ताऱ्यांच्या कुटुंबातल्या प्रॉक्सिमा या लहान लाल ताऱ्याभोवती एक ग्रह 2016 मध्ये सापडला. त्याचं वर्ष फक्त 11 दिवसांचं आहे. तिथे दर 11 दिवसांनी वाढदिवस!

यंत्रं बंद पडली तर त्या ग्रहावरचं गुरुत्वाकर्षण मुलांना कसं कळणार? (इयत्ता नववी, स्नेहलतागंज)

शाबास! या महिन्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न तुझा. अनोळखी जागी आधी मोजमाप करायचं. मालिकेतली आई, मॉरीन, तेच करते. आकाशाची निरीक्षणं घेते म्हणूनच तो ग्रह राहण्याजोगा उरणार नाही हे वेळेवर लक्षात येतं.

एक दोरी, एक दगड आणि हातातलं घड्याळ पुरे. दगड दोरीला बांध. वरच्या गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेव. पट्टी नसेल तर स्वतःची उंची ठाऊक असतेच, त्यावरून दोरी दुमडून काढता येते. दगड थोडासाच बाजूला नेऊन सोड, धक्का देऊ नकोस. जाऊन परत आला की एक झोका. असे दहा झोके मोज. गुरुत्वाकर्षण जितकं कमी, तितका झोका संथ. इंदूरला 20 सेकंद लागतील. मंगळावर साधारण 33, चंद्रावर 49. दगड जड घेतलास तरी आकडा बदलत नाही, दोरी लांब केलीस तर बदलतो. दोन्ही करून बघ.

दिवस किती तासांचा, हेही असंच. जमिनीत काठी उभी रोव. सावली सर्वांत आखूड होते ती वेळ टिपून ठेव, दुसऱ्या दिवशी पुन्हा टीप. उज्जैनच्या वेधशाळेत गो. स. आपटे यांच्या देखरेखीखाली बांधलेलं शंकुयंत्र आहे, ते सावलीवरच चालतं. तासा-दीड तासाचा रस्ता आहे, वर्गाची सहल काढा.

दोरीची लांबी आणि दहा झोक्यांचे सेकंद मला लिहून पाठव. 20 च्या ऐवजी 21-22 आले तरी तसेच पाठव, खाडाखोड करू नकोस. दोरी कुठे ताणली गेली ते आपण मिळून शोधू.