ग्रामसभेच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पोरींसाठी अभ्यासिका पायजे, जुन्या ग्रामपंचायतीच्या दोन खोल्या नवीन इमारत झाल्यापासून कुलूप लावून पडल्यात, सरपंचांना भेटलीस तर ते "बघू" म्हणाले, आणि आता तू म्हणतेस व्हिडिओ काढून टाकते म्हणजे हलतील तरी. नको टाकूस गं. निदान आत्ता तरी नको. व्हिडिओ अख्खा तालुका बघेल, पण खोलीची किल्ली गावातल्याच माणसाकडं आहे आणि उद्या त्याच्या घरी लग्न निघालं, कुणाचं दुखणं-खुपणं झालं, तर तू त्याच्याच दारात जाणार आहेस. गावात एकदा वाकडं झालं की पुढची दहा वर्षं ते निस्तरत बसावं लागतं, मी ग्रामपंचायत सदस्य होते तेव्हा हे फार जवळून बघितलंय.

तुझं काम ग्रामसभेत होईल. मला माहितीय तू म्हणशील तिथं काय होतं, नुसत्या सह्या घेतात. बऱ्याच गावात तसंच चालतं, खरंय. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात कोरमला, तेवढीपण जमत नाहीत, मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची गरजच नसते, म्हणून मग चार माणसं बसून सगळं मंजूर करून मोकळी होतात. पण एक लक्षात ठेव, तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही. म्हणजे तुझा विषय मूळ नोटिशीवरच पायजे. आयत्या वेळी उठून बोलू असं ठरवून जाऊ नकोस, नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज दे आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून त्याची पोच घे. सभा वर्षातून कमीत कमी चार व्हाव्या लागतात, त्यातली 15 ऑगस्टच्या आसपासची धर, तेवढा वेळ तुला तयारीला लागेलच.

आता तयारी म्हणजे काय, तर घरोघर फिरणं. खरं काम तेच आहे आणि तेच कुणी करत नाही, सगळ्यांना माईकवर बोलायचं असतं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तू ऐकलं असशील, 2022 पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरातले टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. लोकांना त्यातला भोंगाच आठवतो. पण आधी तो विषय बायकांच्या सभेत झाला आणि नंतर अंगणवाडी सेविका, आशाताई, रिटायर झालेले मास्तर असे सगळे दारोदार जाऊन समजावत फिरले, तेव्हा कुठं लोकांनी टीव्ही बंद केला. नुसता ठराव करून कुणी आपली सिरियल सोडत नसतं.

तर तूपण आधी बचत गटाच्या मिटिंगला जाऊन बस. बोलू नकोस लगेच, पहिल्यांदा नुसती बस. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, ती कागदावरच होत असेल तर बचत गटातल्या बायकांना घेऊन ती खरोखर घ्यायला लाव, तुझा विषय तिथून वर गेला तर त्याला एकटीची मागणी असं कुणाला म्हणता येणार नाही. दोन्ही पॅनेलच्या घरी जा, हे फार महत्त्वाचं आहे, एकाच बाजूला चहा प्यालीस तर दुसरी बाजू अभ्यासिकेला नाही, तुझ्या चहाला विरोध करेल. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जा. तिथल्या पोरींना दवंडी ऐकू जात नाही, त्यांना कुणी विचारत नाही, आणि अभ्यासाला जागा सगळ्यात जास्त त्यांनाच लागते कारण एका खोलीत सहा-सात माणसं राहतात.

सरपंच "बघू" का म्हणाले, हे शोधलंस का? त्या खोल्यांमध्ये कुणाचं तरी सामान असणार बघ, खताची पोती, मंडळाचे मंडप, काहीतरी. सरपंचांना त्या माणसाला दुखवायचं नसतं, म्हणून "बघू". त्याच्याकडं तूच जा, तक्रार करायला नाही, तर काका तुमचं सामान कुठं हलवता येईल, आम्ही पोरंपोरी उचलून देतो असं म्हणायला. माणसाला कुणी येऊन विचारलं की निम्मा विरोध तिथंच संपतो, आणि नाहीच ऐकलं तर दोनपैकी एका खोलीवर तयार हो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णयच घेत नाहीत, विषय पुन्हा पुन्हा चर्चेला घेतात. वेळ जातो त्यात, पण ठरलेलं मोडायला मग कुणी येत नाही.

पैशाचं विचारतीलच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो आपल्याकडं कशावर गेला ते नम्रपणे विचार, त्यातून टेबल-खुर्च्या, बल्ब होऊ शकतात. लाइट बिल, झाडलोट, किल्ली कुणाकडं, रात्री पोरी घरी कशा जाणार, याची उत्तरं तुझ्याकडं आधीच पायजेत. शेवटच्या प्रश्नाचं तर नक्कीच, कारण आयांचा जीव तिथंच अडकलेला असतो आणि तो बरोबर अडकलेला असतो.

सभेत विषय मांडायला एखादी मोठी बाई उभी कर, तू अनुमोदन दे. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, ठराव नंबरसकट लिहिला गेला का ते बघूनच उठ, नुसतं "मंजूर, मंजूर" ऐकून घरी येऊ नकोस, आणि नंतर ठरावाची नक्कल मागून घे.

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी बघून देते. विषय एकच लिही, गटार आणि रस्त्यावरची लाइट त्यात घालू नकोस, त्यासाठी पुढची सभा आहे.

तुझी काकू