ग्रामपंचायत सदस्य ते आमदार: खालून आलेल्याला वर गेल्यावर त्याचा उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या वहिनी करवीर तालुक्यातल्या गावात पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाल्यात, आणि घरात आत्तापासूनच ‘पुढं पंचायत समिती, मग झेडपी, मग आमदारकी’ अशी चर्चा चालू आहे. तर असे पायरी-पायरीनं वर गेलेले आमदार खरंच असतात का, आणि गावातल्या कामाचा विधानसभेत काही उपयोग होतो का?

मी कोल्हापूर जिल्ह्यात पंचायत समितीच्या नोकरीत ३१ वर्षं काढली. शेवटची तेरा-चौदा वर्षं मासिक सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. सभेत कोण काय बोललं हे मी लिहून घ्यायची, आणि बोलल्यानंतर फायलीचं काय झालं हेही माझ्याच टेबलावरून दिसायचं. तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. असतात, आणि आपल्या भागात भरपूर. शिरोळचे राजू शेट्टी २००२ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले, २००४ ला अपक्ष आमदार झाले आणि २००९ ला खासदार. शेजारच्या सांगली जिल्ह्यात आर. आर. पाटील, म्हणजे आर. आर. आबा, १९७९ ला जिल्हा परिषदेत गेले, अकरा वर्षं तिथं राहिले आणि १९९० ला तासगावातून विधानसभेवर गेले, ते पुढं सलग सहा वेळा. कागलचे हसन मुश्रीफ पंचायत समितीच्या राजकारणातून वर आले, १९९९ पासून आमदार आहेत आणि २०१९ नंतर राज्याचं ग्रामविकास खातंच त्यांच्याकडं होतं. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. देवेंद्र फडणवीस आधी नागपूरचे नगरसेवक, मग महापौर, मग १९९९ ला आमदार.

नावं अजून कितीही सांगता येतील. पण तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर मला एका बाईंमुळं कळलं. त्या पुढं आमदार झाल्या नाहीत, तरीही त्यांच्याबद्दलच सांगते.

पंचायत समितीवर पहिल्यांदाच आलेल्या सदस्या. घरचं जनावरांचं करून, डेअरीला दूध घालून एसटीनं सभेला यायच्या. पावसात वही भिजू नये म्हणून ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणायच्या. त्यांच्या गणातल्या, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातल्या, एका वाडीवर शाळेची खोली पडायला झाली होती. कौलं सरकलेली, पावसाळ्यात पोरं एका भिंतीला चिकटून बसायची. पहिल्या सभेत त्यांनी विचारलं, खोलीचं काय झालं? बांधकाम विभागाकडून उत्तर आलं, ‘प्रस्ताव वर पाठवलाय.’ मी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या सभेत तोच प्रश्न, तेच उत्तर. जुने सदस्य अशा उत्तरावर मान हलवून पुढच्या विषयाकडं वळायचे. तिसऱ्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वर म्हंजे कुठं? जावक नंबर सांगा.’

जावक नंबर म्हणजे कागद कचेरीतून बाहेर जाताना रजिस्टरात पडतो तो नंबर. सभागृह एकदम गप्प झालं. सभापतींनी जावक रजिस्टर मागवलं. शिपाई घेऊन आला, पानं उलटली, मागचे सात महिने बघितले, नोंदच नव्हती. प्रस्ताव गेलाच नव्हता. जागेचा उतारा जोडलेला नाही म्हणून तो खालच्याच एका कपाटात पडून होता, आणि उतारा पाहिजे हे गावाला कुणी कळवलंच नव्हतं. बाईंनी त्या आठवड्यात तलाठ्याकडं जाऊन उतारा आणून दिला. पुढच्या वर्षी खोली झाली.

कामाची ओळख म्हणतात ती हीच. ग्रामपंचायतीचा ठराव, मग उपअभियंत्याचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, बिल. एवढ्या दारांतून एक शाळाखोली जाते आणि यातल्या कुठल्याही दारात ती वर्षभर अडू शकते. ज्यानं पाच वर्षं हे बघितलंय त्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तराचा अर्थ कळतो. ज्यानं बघितलेलं नाही त्याला ते उत्तर खरं वाटतं.

आता हेच विधानसभेत नेऊन बघा. तारांकित प्रश्न म्हणजे तरी काय? मंत्र्यांना जावक नंबर विचारणंच आहे ते. आमदार प्रश्न टाकतो, खात्याकडून लेखी उत्तर येतं, त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतो. सगळी खुबी त्या उपप्रश्नात आहे. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी तयार केलेलं असतं, त्यात फट कुठं आहे हे ओळखायला खालच्या कचेरीत झिजवलेल्या चपला लागतात. लक्षवेधी सूचनेचंही तसंच.

विधिमंडळाची पंचायत राज समिती म्हणून एक समिती असते, दोन्ही सभागृहांतल्या आमदारांची. ती जिल्ह्यात येते, जिल्हा परिषदेचे लेखा आक्षेप घेऊन बसते, तालुक्यात फिरते. ती येणार म्हटलं की आमच्याकडं पंधरा दिवस आधीपासून रात्री नऊ-नऊपर्यंत दिवे चालू असायचे. अशाच एका दौऱ्यात एका आमदारांनी आमच्या साहेबांना रकमेबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी फक्त साठा रजिस्टर मागितलं आणि म्हणाले, ‘पाइप आले त्या दिवसाची नोंद दाखवा, आणि वाटप झालं त्या दिवसाची.’ आम्ही सगळ्यांनी ओळखलं, हा माणूस कधीतरी झेडपीत बसलेला आहे. नंतर कळलं, दोन टर्म बसला होता. पैसे कागदावर जुळवता येतात, पण पाइप कुठल्या तारखेला कुठं होते हे जुळवणं अवघड जातं, हे बाहेरच्या माणसाला सुचत नाही.

हा झाला उपयोग. पण याच सवयीचा तोटाही होतो, आणि तो मी जास्त वेळा बघितलाय.

आमदार झाल्यावरही माणूस मनानं सदस्यच राहतो. गटार, पेव्हिंग ब्लॉक, समाजमंदिर, हायमास्ट दिवा. आमदार निधी आता वर्षाला ५ कोटी आहे, त्यातून अशी कामं गावोगाव वाटता येतात, नारळ फुटतात, फलक लागतात. लोकही खूष असतात, कारण लोकांना दिसतं तेवढंच. ही कामं वाईट नाहीत, गावाला ती पाहिजेच असतात. पण ती करायला ग्रामपंचायत आहे, झेडपी आहे, महापालिका आहे. मुंबईला पाठवलेल्या माणसानं तिथं ते करावं जे बाकी कुणाला करताच येत नाही: कायदा, नियम, शासन निर्णय, अर्थसंकल्पातला हेड, म्हणजे खर्चाचं सदर.

कोल्हापूर शहराचंच बघा. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हा शहराचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर होतं आणि पुढच्या कितीतरी दशकांत ते एक इंचही वाढलं नाही. हद्दवाढीचे ठराव महापालिकेनं किती वेळा केले. पण अधिसूचना काढायचा अधिकार राज्य सरकारकडं. आजूबाजूच्या गावांचा विरोध, त्या गावांचे आमदार वेगळे, शहराचे वेगळे. इथं नगरसेवक हात टेकतो आणि आमदाराचं काम सुरू होतं. टोलचंही तसंच झालं. करार शहरातल्या रस्त्यांचा, पैसे भरायचे शहराच्या नाक्यावर, पण लोकांनी एवढं मोठं आंदोलन उभं केल्यावर शेवटी टोल गेला तो राज्य सरकारच्या निर्णयानं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांवर गेली की इथं धोक्याची पातळी म्हणतात. त्या रात्री बोटी, स्थलांतर, जेवण हे सगळं नगरसेवक आणि तालमीची पोरं करतात, जीव तोडून करतात. पण पूररेषेत बांधकामाला परवानगी द्यायची का, याचे नियम मुंबईत ठरतात.

म्हणून मला आर. आर. आबांचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अनुदान कधी येतंय याची वाट न बघता गावानं स्वतः हातात झाडू घ्यायचा आणि गावागावांत स्पर्धा लावायची, एवढी साधी गोष्ट. आमच्या तालुक्यात तपासणी पथक येणार म्हटलं की म्हाताऱ्या बायका अंगणं सारवून, भिंतींना चुना लावून वाट बघत बसायच्या. जिल्हा परिषदेत अकरा वर्षं काढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं असं मला वाटतं, कारण गावात पैसा कमी असला तरी ईर्षा भरपूर असते, हे त्यानं रोज बघितलेलं असतं. राजू शेट्टींचंही वळण असंच. झेडपीचा सदस्य उसाचा दर ठरवू शकत नाही. तो प्रश्न आधी मुंबईचा, मग दिल्लीचा, म्हणून ते त्या प्रश्नामागं तिकडं गेले. २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवर त्यांनी लोकसभेत खासगी विधेयकं मांडली. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, प्रश्न जिथं सुटतो त्या सभागृहापर्यंत नेणं याला मी आमदारकी म्हणते.

आता घरच्यांच्या चर्चेबद्दल. पायऱ्या दिसतात तेवढ्या सरळ नसतात. आपल्याकडं मधे सेवा संस्था, दूध संस्था, गोकुळ दूध संघ, केडीसीसी म्हणजे जिल्हा बँक, साखर कारखाना अशा आडव्या पायऱ्याही आहेत आणि त्या राजकीय गटाशिवाय चढता येत नाहीत. मोठ्या घरांतली पोरंसुद्धा हाच रस्ता धरतात. अमल महाडिक आधी जिल्हा परिषदेत होते, २०१४ ला कोल्हापूर दक्षिणचे आमदार झाले. तेव्हा खालून येणारा प्रत्येक जण शून्यातूनच आलेला असतो असं समजू नका.

स्थानिक संस्थांच्या सदस्यांना आणखी एक दार आहे, विधान परिषदेचं. ७८ पैकी २२ आमदार जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिकांचे सदस्य निवडून देतात. ग्रामपंचायत सदस्याला त्यात मत नाही, हे वहिनींना सांगून ठेवा. मतदार मोजकेच, त्यामुळं एकेका सदस्याला किती भाव येतो हे कोल्हापूरनं २०१५ ला बघितलं: सतेज पाटील २२० मतं, महादेवराव महाडिक १५७. अख्ख्या जिल्ह्याचं राजकारण ६३ मतांनी फिरलं.

आणि आपल्याच बरोबरीच्यांची अडचण. २०२४ ला कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं माजी नगरसेवक राजेश लाटकरांना उमेदवारी दिली. पक्षातल्याच माजी नगरसेवकांची नाराजी उफाळली, उमेदवारी बदलून राजघराण्यातल्या मधुरिमाराजे छत्रपतींना दिली, त्यांनी माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला, आणि लाटकर अपक्ष म्हणून लढले व हरले. वर जाणाऱ्या सदस्याला पहिला अडवणारा बहुतेक वेळा शेजारच्या वॉर्डातलाच असतो.

बायकांसाठी हे जास्त कठीण आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांच्या. विधानसभेत अजून आरक्षण लागू नाही. २०२३ ला कायदा झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतर. कोल्हापूर उत्तरला पहिल्या महिला आमदार मिळाल्या त्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत, जयश्री जाधव. त्या आधी महापालिकेत नगरसेविका होत्या, पण विधानसभेचं दार उघडलं ते पती चंद्रकांत जाधव यांच्या निधनानंतर. नगरसेविका म्हणून केलेल्या कामावर थेट तिकीट मिळालेली बाई मला आपल्या शहरात अजून बघायचीय.

मघाशी सांगितलेल्या त्या सदस्यांचं पुढं काय झालं तेही सांगते. पाच वर्षांनी त्यांच्या गणाचं आरक्षण फिरलं, जागा दुसऱ्या प्रवर्गाला गेली. पक्षानं विचारलंसुद्धा नाही. माझ्या मते तालुक्यातली आमदार व्हायच्या लायकीची एक बाई तिथं संपली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा वहिनींसमोर आत्ता आमदारकीचं नाव काढू नका. त्यांना म्हणावं, ग्रामसेवकाकडून नमुना नंबर १ मागून घ्या, गावाचं अंदाजपत्रक. मग नमुना ५, रोकडवही. दोन्ही घरी आणून शांतपणे वाचा. कुठल्या हेडला किती तरतूद आणि प्रत्यक्षात किती खर्च, हे वहीत लिहून काढा. नाही कळलं तर पुढच्या मासिक सभेत विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतलंय का ते सही करायच्या आधी बघा. कोरं ठेवलेल्या पानावर सही करू नका. पहिल्या दोन-तीन सभांत लोक हसतील, सरपंचांना राग येईल. एखादी गोष्ट अडली तर इथंच लिहा, मी रोज संध्याकाळी बघते.