कुऱ्हाडीचा दांडा घरीच घाल की

अरे भावा, दांडा ढिला झाला म्हणून नवी कुऱ्हाड कशाला घेतोस? बाभळीची सरळ फांदी बघ, गाठी नकोत, पण तोडल्या तोडल्या लगेच बसवू नको, ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि मग पातं निसटून कुणाच्या तरी पायावर. सावलीत दोन-तीन महिने वाळू दे, उन्हात ठेवलंस तर तडकणार. मग तासायचं, आणि शेवटचा हात फुटक्या काचेच्या तुकड्यानं, आमचे आबा असंच करायचे, पॉलिश पेपर कुणी बघितला होता तेव्हा! बसवल्यावर वरून सुक्या लाकडाची पाचर ठोक. ढिली कुऱ्हाड दांड्यासकट रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा जुगाड आम्हीपण करायचो, एक दिवस निभतं, वाळलं की परत ढिलं.

मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ, घामानं हात सरकत नाही. आमच्याकडं ट्रकच्या जुन्या पाट्यापासून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून, लोहारानं केलेलं खुरपं अजून आहे, घासून निम्मं झालंय पण धार बाजारातल्यापेक्षा भारी. पाचर ठोकताना मात्र लहान पोरं लांब ठेव, आणि फोटो टाक झाल्यावर.